पेढे वाटून झाले, जॉइनिंग कुठाय?

अहो, ऐकलंत का? अशा इकडे या, भिंतीजवळ. मोठ्यानं नको, त्यांच्या खिडकीत ऐकू जातं. पिवळ्या गेटवाल्यांच्या पोराचं जॉइनिंग पुन्हा पुढं ढकललं म्हणे! सकाळी त्याची आई फुलं तोडत होती, मी आपली सहज विचारलं, "काय मग, पुण्याची तयारी झाली का?" तर फुलांची परडी तशीच हातात, आणि म्हणते, "नाही, अजून मेल नाही आला." मेल नाही आला! गेल्या दिवाळीपासून तेच ऐकतेय मी.

पेढे आठवतात ना? आख्ख्या गल्लीत वाटले होते. कॅम्पसमध्ये निवड झाली तेव्हा पोरगं सातव्या सेमिस्टरला होतं, एक बॅकसुद्धा निघायचा होता. पण आईला कुठला धीर? डबा घेऊन आल्या आणि उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "साडेतीनचं पॅकेज आहे, वहिनी." मी म्हटलं, साडेतीन काय? तर म्हणे, "लाख हो! वर्षाचे!" आमच्या ह्यांनी मागं बसल्या बसल्या हिशोब मांडला. महिन्याला हातात पंचवीसेक हजार, त्यात हिंजवडीची खोली, मेस, बस, शिवाय दिवाळीला यवतमाळला यायचं तर ट्रॅव्हल्सवाला जे मागेल ते... मी डोळ्यांनीच गप्प केलं त्यांना. तोंडात पेढा असताना असं बोलतात का?

तर काय सांगत होते... ऑफर लेटर. त्या बाईंनी ते लॅमिनेट करून घेतलं हो! आणि पोराचा बायोडाटा लगेच स्थळांकडे रवाना. त्यात काय लिहिलंय, ठाऊक आहे? "सॉफ्टवेअर इंजिनिअर, पुणे." आणि खाली बारीक अक्षरात, "जॉइनिंग लवकरच."

मग दिग्रसकडचे पाहुणे आले. मी होते तिथे, चहाचे कप कमी पडले म्हणून माझे नेले होते त्यांनी, तेवढ्यासाठी गेले. मुलीचे मामा म्हणजे खमके गृहस्थ, बँकेतून रिटायर झालेले. म्हणाले, "पत्र पाहू जरा." बाईंनी मोठ्या कौतुकानं आणून दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला. पहिल्यापासून वाचायला लागले. पगार वाचला, मान डोलावली. बाँडचं वाचलं, मान थांबली. आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "रुजू व्हायची तारीख कंपनीच्या गरजेनुसार कळवू, असं लिहिलंय इथे. मंग हे निवडपत्र झालं जी. नेमणूक कुठं आहे?" बाई गं! चहावर साय धरली, पण कोणी कप उचलेना. पोरगं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेलं, कान लालबुंद. त्याचे वडील म्हणाले, "येतेच आहे तारीख." मामा म्हणाले, "आली की कळवा." उठले की हो!

आता पोराचा काय दोष यात? ते म्हैसूरच्या आयटी कंपनीतलं नाही का झालं, २०२५ च्या फेब्रुवारीत? २०२२ साली पास झालेली पोरं, पत्र हातात घेऊन दोन दोन वर्षं ताटकळली. २०२४ मध्ये एकदाची बोलावली. ट्रेनिंग दिलं, परीक्षा घेतल्या, आणि तीन वेळा देऊनही पास झाली नाहीत म्हणून तीनशेच्या वर पोरांना बॅगा भरायला लावल्या. पुण्याच्या त्या आयटीवाल्यांच्या संघटनेनं पार दिल्लीला कामगार मंत्रालयापर्यंत तक्रार नेली. त्या पोरांच्या आयांनीसुद्धा पेढे वाटलेच असतील की नाही?

माझी भाची सांगत होती, जपानात म्हणे शेवटच्या वर्षातच पोरांची नोकरी ठरते, आणि कॉलेज संपलं की सगळीच्या सगळी एकदम १ एप्रिलला कामावर हजर. १ एप्रिल हो! आपल्याकडे एखाद्या पोराला ही तारीख दिली तर ते म्हणेल, काऊन थट्टा करून राहिले?

बरं, तिकडचं सोडा. कोपऱ्यावरच्या मास्तरांचं ऐका. त्यांचा मोठा मुलगा काय करतो? "तयारी." बीएस्सी झाला तेव्हापासून सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारीच. आणि ही तयारी संपते कधी, तर खुल्या वर्गाला वयाची अट ३८, मागासवर्गीयांना ४३. म्हणजे तोवर कोणी विचारलं तर उत्तर तयार! सकाळी अभ्यासिका, दुपारी अभ्यासिका, रात्री ग्रुप डिस्कशन. ते डिस्कशन चहाच्या टपरीवर असतं, ते मी पाहिलंय, पण मी काही बोलत नाही.

त्यानं २०२३ साली तलाठ्याचा फॉर्म भरला होता. जागा किती? ४,६४४. आणि अर्ज आले दहा लाखांच्या वर. खुल्या वर्गाला फी हजार रुपये, गुणाकार तुम्हीच करा. पुढची मजा तर जगजाहीर आहे. निकाल लागला, तर २०० मार्कांच्या पेपरात एकाला २१४! मास्तर आयुष्यभर गणित शिकवत आले हो. पेपर उलटा धरला, सुलटा धरला, मग पोराला हाक मारली. पोरगं समजावतंय, "बाबा, वेगवेगळ्या शिफ्टमध्ये पेपर झाले ना, कोणाचा सोपा, कोणाचा अवघड, म्हणून नॉर्मलायझेशन केलं." मास्तर म्हणाले, "माझ्या वर्गात कोणी शंभरपैकी एकशे सात घेतले असते, तर मी आधी त्याचा बाप बोलावला असता."

मास्तरांचा काळ वेगळा. ते नागपूर विद्यापीठाचे पदवीधर, कारण आपलं अमरावती विद्यापीठ निघालंच १९८३ मध्ये. ते सांगतात, बीएचा निकाल लागला की रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड मिळायचं, ते जपायचं, मुदत संपली की नूतनीकरण करायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. मी म्हटलं, मास्तर, मग वाट तर तुम्हीही बघितलीच की. तर म्हणाले, "बघितली. पण वाट बघायची फी नव्हती." बोलती बंद झाली माझी.

आणि पहाटे पोस्टल ग्राउंडवर चक्कर टाकलीत का कधी? भरती निघाली की पोट्टे-पोट्टी नुसते धावत असतात. २०२४ च्या पोलीस भरतीला १७,४७१ जागा आणि सतरा लाखांवर अर्ज. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, वर गोळाफेक. आमचे हे फिरायला जातात तिथे. एका पोराला विचारलं, शिक्षण काय रे? तर म्हणे, "बीई मेकॅनिकल." चार वर्षं इंजिनं शिकला आणि आता स्वतःच पळतोय!

नाही, पण होतं हो कोणाकोणाचं. आपली अदिबा अनम! एप्रिल २०२५ मध्ये यूपीएससीचा निकाल लागला, देशात १४२ वी आली पोरगी. वडील इथेच यवतमाळात ऑटो चालवतात. झेडपीच्या उर्दू शाळेत शिकली, पुण्याला जाऊन गणितात बीएस्सी केलं. काय आनंद झाला होता गावाला! फक्त त्या आठवड्यात घरोघरच्या पोरांचे चेहरे पाहायला हवे होते तुम्ही. जेवायला बसलं की आई सुरू, "ऑटोवाल्याची पोरगी झाली, तुले काय धाड भरली?" अहो, पण ती काही पहिल्या झटक्यात नाही झाली. आधी अपयश आलं, परत बसली, परत अभ्यास केला. ते मधलं कोणी सांगत नाही. १४२ तेवढे सगळ्यांना पाठ.

हो, आणि ती लाडक्या भावाची योजना! शिंदे साहेबांनी २०२४ च्या आषाढीला पंढरपुरात सांगितली होती ना, कार्य प्रशिक्षण. बारावीला महिन्याला ६,०००, आयटीआय-डिप्लोम्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. मेडिकलवाल्यांची धाकटी लागली होती सरकारी ऑफिसात. सहा महिने म्हणता म्हणता पाच महिने वाढवून दिले, म्हणजे अकरा झाले. पोरगी रमली होती हो, आवक-जावकचं रजिस्टर तिच्या हाती, साहेबसुद्धा "मॅडम" म्हणायचे. बारावा महिना लागला, झालं, या आता घरी. हातात सर्टिफिकेट. मग काय, कायम करा म्हणून आंदोलनं, निवेदनं. ती मला म्हणाली, "काकू, मी काम शिकले, पण ज्या कामाची जागाच भरणार नाहीत ते शिकून करू काय?" आता काय सांगणार तिला? मी आपली म्हटलं, शेवयांचा उपमा केलाय, खाऊन जा.

तर काय सांगत होते... हं! खरी बातमी तर राहिलीच. शिलाईवाल्या ताईंची मुलगी. तुमच्या लक्षातसुद्धा नसेल, मान खाली घालून स्कुटीवरून जाते ती. तिचे पेढे खाल्ले का तुम्ही? नाही ना? कारण वाटलेच नाहीत!

ती एमकॉमला होती. नव्या शैक्षणिक धोरणात ते ओजेटी आलंय ना, ऑन जॉब ट्रेनिंग. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास कुठे तरी जाऊन खरं काम करायचं. अर्ध्या पोरांनी ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणला, मी नावं घेत नाही. ही बया खरोखर गेली, दारव्हा रोडच्या एका सीएच्या ऑफिसात. पहिल्या आठवड्यात काय, बिलं तारखेनं लाव, टाचण्या काढ, झेरॉक्स आण. ताई म्हणाल्या, "एमकॉम करून पोरगी टाचण्या काढते, वहिनी." डोळ्यात पाणी होतं त्यांच्या.

पण त्या टाचण्यांतच सगळं होतं की! बिलं लावता लावता तिला कळायला लागलं, कुठलं बिल खरेदीचं, कुठलं विक्रीचं, कोणाचा नंबर चुकलाय. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीचं एक रिटर्न, २० तारखेला दुसरं. आणि आपल्याकडं सगळा मामला कापसाचा. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेतला तर जीएसटी शेतकऱ्यानं नाही, घेणाऱ्या जिनिंगवाल्यानं भरायचा. एरवी विकणारा भरतो, इथे उलटं. तिनं मला हे आमच्याच ओट्यावर बसून शेंगांच्या टरफलांनी समजावलं. ही टरफलं कापूस, हा ओटा जिनिंग, आणि तुम्ही, काकू, सरकार. मी म्हटलं, माझ्याकडे काय येणार मग? तर म्हणे, "पाच टक्के." एवढं सोपं मला जन्मात कोणी समजावलं नव्हतं.

१२० तास संपले, सीए म्हणाले, थांब. पगार विचारलात तर... आठ हजार. कोणाला सांगू नका. सुरुवातीला आठ, आता बरा झालाय म्हणतात. पण गंमत अशी, की व्यापाऱ्यांचे फोन आता साहेबांना नाही, हिला येतात. परवा एक जिनिंगवाला पाय झटकत ऑफिसात आला आणि साहेब समोर बसलेले असताना विचारतो, "मॅडम कुठायत?" साहेबांचा चेहरा! ताईंनी सांगितलं मला, हसून हसून.

मी ताईंना म्हटलं, पेढे नाही का वाटलेत? तर म्हणाल्या, "कशाचे वाटू? पत्र कुठं आहे?" बघा म्हणजे! त्या पोरीकडं काम आहे, पगार आहे, माणसं शोधत येतात, पण कागद नाही म्हणून पेढे नाहीत. आणि पिवळ्या गेटला कागद आहे, पेढे झालेत, बाकी सगळं यायचंय. आपल्या गल्लीत पेढे कागदाचे असतात हो, कामाचे नाहीत. सासूबाईंच्या काळापासून हेच. आधी पदवीचे, मग निवडीचे. पोरगं खरोखर पहिल्या दिवशी कामावर जातं तेव्हा त्याच्या हातावर दही ठेवायलासुद्धा कोणी नसतं.

थांबा, जाऊ नका, आत्ताची ताजी बातमी ऐका. फुलांची परडी घेऊन त्या पिवळ्या गेटवाल्या मघाशी भिंतीजवळ आल्या. आधी पाण्याचं बोलल्या, मग पावसाचं. मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "ताईंच्या पोरीला विचाराल का हो? त्या सीएकडं कॉम्प्युटरचं काही काम असेल तर... पत्र येईस्तोवर. दिवसभर खोलीत बसून असतो, जेवत नाही नीट. पण लोक काय म्हणतील?"

मी म्हटलं, अहो, लोक म्हणजे कोण, सांगा बरं? मी, मेडिकलवाल्या, मास्तरीणबाई आणि ह्या... म्हणजे तुम्ही. मी काही म्हणणार नाही. मास्तरीणबाईंचं स्वतःचंच पोरगं घरी, त्या काय बोलणार! राहिलात तुम्ही. तुम्ही म्हणणार आहात का काही? नाही ना? झालं तर मग! उद्याच विचारते मी ताईंच्या पोरीला. फक्त हे आपल्या दोघींतच राहू द्या हं. मेडिकलवाल्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. संध्याकाळी भेटतील, तेव्हा सांगेन.