कारस्थानाला कारकून कुठून आणणार?

प्राचीन इतिहास खोटा आहे, ही बातमी तशी जुनीच. फक्त तो नेमका किती खोटा, यावर अजून एकमत व्हायचं आहे. जर्मनीच्या हेरिबर्ट इलिग यांनी १९९१ साली जाहीर केलं, की इ.स. ६१४ ते ९११ ही २९७ वर्षं घडलीच नाहीत. सम्राट तिसरा ऑटो आणि पोप दुसरा सिल्व्हेस्टर यांना म्हणे सन १००० उजाडताना गादीवर असण्याची हौस होती. म्हणून त्यांनी कालगणना पुढे ढकलली आणि मधल्या रिकाम्या जागेत शार्लमेन नावाचा राजा बसवून दिला. गुन्नार हाइनसोन यांना २९७ म्हणजे अगदीच किरकोळ वाटले. त्यांनी पहिल्या सहस्रकातून सुमारे ७०० वर्षं छाटली. मॉस्कोचे गणितज्ञ अनातोली फोमेंको यांनी तर घाऊक काम हाती घेतलं आणि इ.स. १०००च्या आधीचा जवळजवळ सगळा इतिहास मोडीत काढला. या सर्वांचे पूर्वसूरी म्हणजे फ्रान्सचे जेझुइट पंडित जाँ आर्दुआँ. ग्रीक-लॅटिन अभिजात ग्रंथ बहुतेक सगळे तेराव्या शतकातल्या मठवासीयांनी पाडले, असं ते तीनशे वर्षांपूर्वीच सांगून गेले. मोजके ग्रंथ त्यांनी अस्सल ठरवले. थोरल्या प्लिनीचा ग्रंथ त्यांनी स्वतः संपादित केला होता, तो त्यात होता. योगायोग, दुसरं काय!

शंका घ्यायला आमची ना नाही. राजे खोटं बोलतात, भाट वाढवून सांगतात, इतिहासकार चुकतात. आमचा प्रश्न साधा, आस्थापना विभागाचा आहे: हे सगळं करायला माणसं किती लागली?

नमुन्यादाखल ब्रिटन घेऊ. रोमन तिथे इ.स. ४३ मध्ये सैन्य घेऊन उतरले आणि ४१०च्या सुमारास त्यांनी गाशा गुंडाळला. मधल्या काळातल्या त्यांच्या खुणा गावोगाव सापडतात. त्या जर मागाहून रचलेल्या असतील, तर सन १०००च्या आसपास कुठल्या तरी मठात ‘प्राचीन अवशेष निर्मिती खातं’ असणारच. त्याची आढावा बैठक साधारण अशी झाली असावी.

“हेड्रियनच्या भिंतीचं कुठवर आलं?” साहेबांनी विचारलं.

“झाली साहेब. समुद्रापासून समुद्रापर्यंत, ११७ किलोमीटर. दर रोमन मैलाला एक चौकी, दोन चौक्यांमध्ये दोन बुरूज.”

“शाब्बास. म्हणजे ब्रिटनची फाइल बंद.”

“नाही साहेब. भिंतीजवळ विंडोलांडा म्हणून छावणी आहे. तिथे पोस्टकार्डाएवढ्या पातळ लाकडी पट्ट्यांवर शाईने पत्रं लिहून चिखलात पुरायची आहेत. त्यातली बरीचशी भिंतीच्याही आधीच्या काळातली.”

“सम्राटाची फर्मानं?”

“नाही. कुणाला तरी मोजे, दोन जोड चपला आणि दोन चड्ड्या पाठवल्याचं पत्र.”

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. “चड्ड्या कशाला?”

“खरं वाटावं म्हणून. शिवाय क्लॉडिया सेवेरा या अधिकाऱ्याच्या बायकोने मैत्रिणीला ११ सप्टेंबरच्या वाढदिवसाला बोलावलंय. मजकूर लेखनिकाच्या वळणदार अक्षरात, शेवटच्या ओळी बाईंच्या स्वतःच्या हातच्या, जरा गिचमिड.”

“म्हणजे एका पत्राला दोन माणसांचा भत्ता! आणखी?”

“ऑक्टेवियस नावाचा एक पुरवठादार लिहितो, धान्याची खरेदी केलीय, रोकड लगेच पाठवा, नाहीतर बयाणा बुडेल. आणि चामडं आणायला गेलो नाही, कारण रस्ते खराब आहेत.”

“अहो, रोमन रस्त्यांची कीर्ती आपणच पसरवतोय ना?”

“म्हणूनच साहेब. कुणाला संशय येणार नाही.”

“बरं. बाथ शहराचं काय?”

“तिथल्या गरम झऱ्यात सुलिस मिनर्व्हा देवीच्या नावाने शिशाचे सुमारे १३० पत्रे टाकायचे आहेत. जवळजवळ सगळे चोरांना शाप. डोसिमेडिस नावाच्या इसमाचे दोन हातमोजे गेलेत, चोराची अक्कल आणि डोळे जावोत.”

“हे वाचणार कोण?”

“१९७९ साली झऱ्यात खणायला येतील ते.”

साहेब थोडा वेळ गप्प बसले. “लंडनला तरी काही मोठं आहे का?”

“मेण लावलेल्या लाकडी पाट्या आहेत, चारशेहून जास्त. त्यातल्या एकीवर ८ जानेवारी ५७ ही तारीख घालायची. टिबुलस हा ग्रेटसचं १०५ देनारी देणं लागतो, मालाचे पैसे. दोघेही मुक्त झालेले गुलाम. पुढे तीन-चार वर्षांनी राणी बूडिकाचं बंड. त्यासाठी कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स, तिन्ही शहरांखाली जळक्या मातीचा थर पसरायचा.”

“आणि गुप्तता?”

“हजार वर्षं एकही कर्मचारी फुटणार नाही. पगार न वाढवता.”

सिद्धांताची खरी अडचण या शेवटच्या वाक्यात आहे. ही मंडळी राजांवर, भिक्षूंवर, विद्यापीठांवर विश्वास ठेवत नाहीत. ठेवतात तो एका अशा कार्यालयावर, ज्याची एकही फाइल गहाळ झाली नाही, एकही काम अर्धवट राहिलं नाही आणि ज्याच्या एकाही कारकुनाने चहाच्या टपरीवर तोंड उघडलं नाही. इतकी भाबडी श्रद्धा आम्ही तरी कुठल्या मंदिरात पाहिलेली नाही.

बनावट इतिहास नसतोच असं नाही. रोमन ब्रिटनचाच एक झकास नमुना आहे. चार्ल्स बर्ट्रम नावाच्या कोपनहेगनमधल्या तरुण इंग्रजी शिक्षकाने १७४७ साली नामवंत पुरातत्त्वज्ञ विल्यम स्टकली यांना कळवलं, की एका मध्ययुगीन भिक्षूचं हस्तलिखित हाती लागलं आहे. त्यात रोमन ब्रिटनचे प्रांत होते, मार्ग होते, आजवर कुणालाच न सापडलेली गावांची नावं होती. विद्वानांना जे जे हवं होतं ते सगळं होतं. १७५७ साली ते छापून आलं आणि शंभर वर्षं त्यातली खोटी नावं नकाशांवर आणि ग्रंथांत मिरवत राहिली. एकोणिसाव्या शतकात विद्वानांनीच त्याचं पितळ उघडं पाडलं. अस्सल बनावट ही अशी असते: मागणी तसा पुरवठा. बर्ट्रमने नकाशा दिला, कारण नकाशाला गिऱ्हाईक होतं. हरवलेल्या हातमोज्यांना गिऱ्हाईक नव्हतं.

यावर कालकपातवाल्यांचा ठेवणीतला सवाल असतो: मग लंडनमध्ये रोमन थरानंतर नुसती काळी माती का? सातव्या-आठव्या शतकातलं शहर कुठे गेलं? सवाल रास्त होता. उत्तर १९८०च्या दशकात मिळालं. सॅक्सन लोक जुन्या तटबंदीत राहतच नव्हते. त्यांचं लंडन पश्चिमेला, आजच्या कॉव्हेंट गार्डनच्या भागात नांदत होतं. तिथे खणल्यावर घरं निघाली, रस्ते निघाले. शतकं हरवली नव्हती, पत्ता बदलला होता.

आणि माणसं विकत घेता येतील, झाडांचं काय करणार? कार्लाइलच्या रोमन किल्ल्याची लाकडं इ.स. ७२-७३च्या हिवाळ्यात तोडली, हे त्यांची वलयं सांगतात. ती मोजदाद आजच्या झाडांपासून मागे मागे, एकावर एक जुळवत नेलेली आहे आणि ती इलिगसाहेबांच्या २९७ वर्षांमधून जाते. ती वर्षं नसतील, तर ओक वृक्षांनी २९७ वलयं फुकटची ओढली म्हणायची. त्यातच २०१२ साली फुसा मियाके आणि सहकाऱ्यांना जपानच्या देवदारांमध्ये इ.स. ७७४-७७५च्या वलयांत किरणोत्सारी कार्बनची अचानक उसळी दिसली. तीच उसळी पुढे जर्मनीच्या ओकमध्येही त्याच वर्षी सापडली. ऑटोचं राज्य जपानपर्यंत होतं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. म्हणतील.

या २९७ वर्षांना कात्री लावली तर चीनच्या तांग घराण्याचं सगळंच्या सगळं राज्य गळून पडतं. आपल्याकडचा दुसऱ्या पुलकेशीचा शके ५५६चा ऐहोळे शिलालेख जातो आणि वेरूळचं आठव्या शतकातलं कैलास लेणंही. कैलास डोंगरात वरून खाली कोरलेलं आहे. ते इतिहासातून काढायचं तर आधी डोंगर परत भरावा लागेल. निविदा कोण काढणार, तेवढं कळवा.

अर्थात आपण हसावं असंही फार काही नाही. आपले पु. ना. ओक यांनी ताजमहालाबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेलाही शिवमंदिर ठरवलं होतं. ताजमहालाबद्दलची त्यांची याचिका २००० साली सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. ॲबेची याचिका कुठे दाखल करावी, हे त्यांनी सांगितलं नाही. युरोपातले संशोधक वर्षं कापतात, आपले मालमत्ता वाढवतात. पद्धत एकच: आधी निकाल, मग सोयीचा पुरावा.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर शतकं रद्द करायला बसला, तर राजांवरून हुज्जत घालू नका; राजे खोटे पाडता येतात. त्याला उधारीची चिठ्ठी, चड्ड्यांची यादी आणि झाडांची वलयं दाखवा आणि तीनच गोष्टी विचारा: हे कोणी रचलं, कुठे पुरलं आणि त्याचा पगार कोणी दिला? उत्तर लेखी मागा.