चार्ज कोणाकडे?

झाशीहून ललितपूरच्या रस्त्याला लागलं की पंचवीसेक किलोमीटरवर बबीना येतं. छावणीचं गाव. रणगाड्यांचा सराव, गोळाबाराची माळरानं, मधूनच संयुक्त सरावाला आलेले रशियन नाहीतर सिंगापुरी सैनिक. मॅनेजमेंट शिकायला मात्र इकडे कोणी फिरकत नाही. त्यासाठी आपण पुण्याच्या तारांकित हॉटेलात भरभक्कम फी मोजून बसतो. तिथे वक्ता 'व्हिजन'वर अर्धा तास घेतो आणि जेवणात पनीर असतं.

बबीनातला धडा फुकट आहे. रेजिमेंटचा कमांडिंग ऑफिसर दोन-तीन वर्षांत बदलतो. कितीही कर्तबगार असला तरी बदलतोच. नवा येतो, कोतातली, म्हणजे शस्त्रागारातली, हत्यारं मोजली जातात, रजिस्टरांवर सह्या होतात, जुना ट्रंका भरून पुढच्या पोस्टिंगला निघतो. खुर्चीत चिरंजीवांना बसवत नाही आणि सोमवारी 'सहज डोकवायला' परत येत नाही.

ही पद्धत किती टिकाऊ आहे ते पाहायला आपल्याच इतिहासात यावं लागेल. जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून बऱ्याच गोष्टी उकळल्या. त्यातल्या दोन इथे कामाच्या. एक, इंग्रजांच्या हुकमतीखालच्या फौजेचा खर्च. दोन, बुंदेलखंडावरचे पेशव्यांचे हक्क. पहिल्या कलमातून जे घोडदळ उभं राहिलं ते 'पूना हॉर्स'. दुसऱ्या कलमाने झाशीचे नेवाळकर पेशव्यांकडून कंपनीच्या पदराखाली गेले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या घराण्यातल्या रामचंद्ररावांना वंशपरंपरेने राज्याची हमी मिळाली. कागदावर झाशीची बाजू कितीतरी भक्कम.

पुढे? पेशवाई वर्षभरात संपली. तिच्या पैशांवर उभं राहिलेलं घोडदळ आज रणगाड्यांवर आहे. १९६५ च्या युद्धात या रेजिमेंटचे कमांडर अर्देशीर तारापोर रणांगणावर कामी आले आणि परमवीर चक्राचे मानकरी ठरले. सहा वर्षांनी बसंतरला हनूत सिंग यांच्या हुकुमाखाली तीच रेजिमेंट पुन्हा लढली, आणि २१ वर्षांच्या अरुण खेत्रपाल यांच्या रूपाने तिला दुसरं परमवीर चक्र मिळालं.

झाशीचं काय झालं? १८३५ मध्ये रामचंद्रराव निपुत्रिक गेले. गादीवर दावेदारांची झुंबड. रघुनाथराव आले, कारभार बुडवून १८३८ मध्ये गेले. पुन्हा झुंबड, आणि या खेपेला कंपनीनेच कारभार ताब्यात घेतला. काही वर्षांनी तो गंगाधररावांना मिळाला. गृहस्थ नाटकवेडे, पण त्यांनी राज्याची घडी पुन्हा बसवली. एवढं करून वारसाचा प्रश्न कधी सोडवला? २० नोव्हेंबर १८५३ ला दत्तकविधान, २१ ला मृत्यू. दोनदा ठेच लागलेल्या घराण्याने तिसऱ्यांदाही शेवटच्या दिवसापर्यंत थांबावं! गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून झाशी खालसा केली. डलहौसी लुटारू होता आणि त्याने निमित्त कुठूनही काढलं असतं, हे मान्य. म्हणून ते त्याच्या हाती आयतं द्यायचं? सगळ्यात लागणारी गोष्ट अशी की समर्थ कारभारी घरातच होती. पुढे १८५७-५८ मध्ये राणीने झाशी कशी चालवली ते जगाने पाहिलं. नवऱ्याने तिच्या हाती कारभार द्यावा म्हणून पत्र लिहिलं, तेही अंथरुणाला खिळल्यावर.

फौजेला नफा-तोट्याची चिंता नसते, पगार दिल्लीहून येतो, हे खरं. आपल्या दुकानदाराला ती चैन नाही. पण 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी अभिमानाने लावणाऱ्या मालकाला एक विचारतो: शाखा राहू द्या, पुढची पिढी तरी आहे का? असली तर तिला उधारीची वही दाखवली आहे का? आमच्याकडे पंचाहत्तरीचे काका गल्ल्यावर, पन्नाशीचा 'धाकटा' पोत्यांवर आणि त्याचा मुलगा बंगळुरूला आयटीत. मसाल्याचं प्रमाण काकांच्या डोक्यात, सप्लायर काकांच्या ओळखीचे, बँकेत सही एकट्या काकांची. काकांना याचा केवढा अभिमान! 'माझ्यावाचून पान हलत नाही' हे वाक्य ते कौतुकाने सांगतात. हिशेब तपासणाऱ्याने ते लाल शाईने लिहावं.

लेकी-सुनांबद्दल तर बोलायलाच नको. सून दुकानाचं जीएसटी रिटर्न भरते, ऑनलाइन ऑर्डरी घेते, पण पार्टनरशिप डीडमध्ये तिचं नाव घालताना घरात शांतता पसरते.

तेव्हा काका, पुढच्या सेमिनारची फी वाचवा. या दिवाळीच्या पूजेला चोपड्या धाकट्याच्या किंवा सुनेच्या हातात द्या, बँकेत दुसरी सही घाला आणि महिनाभर गावाला जाऊन या. फोन घरी ठेवून.