फरक जाणवतो!

गाडी सोसायटीच्या गेटातून पुरती बाहेर पडली नव्हती, तोच काकांनी विचारलं, "फरक जाणवतोय ना?"

कशातला, हे विचारायची सोय नसते. काकांना तुम्ही ओळखता. तुमच्याकडे त्यांचं आडनाव वेगळं असेल, गाडी वेगळी असेल. पण तांब्याच्या भांड्यातलं पाणी, टायरमधला नायट्रोजन, डिझेलच्या पाइपला बांधलेलं लोहचुंबक, या साऱ्यांतला फरक त्यांना जाणवून झालेला असतो. मागे त्यांनी सीटवर लाकडी मण्यांचं आसन टाकलं, तेव्हा गाडीचा पिकअप वाढला होता.

या खेपेचा फरक स्टिअरिंगखाली, गुडघ्याजवळ होता. सर्व्हिस सेंटरवाला स्कॅनर जोडतो त्या सोळा पिनांच्या सॉकेटात काकांनी एक पिवळी डबी खोचली होती. तिच्यावरचे तीन दिवे आळीपाळीने लुकलुकत होते.

"चिप," काका म्हणाले. "सातशे रुपये. पहिले दोनशे किलोमीटर ती तुमचं ड्रायव्हिंग शिकते, मग इंजिनाला शिकवते. ॲव्हरेज वाढतं."

"आणि ताकद?"

"तीही वाढते."

डिझेल कमी प्यायचं आणि ओझं जास्त ओढायचं! नोकरभरतीच्या जाहिरातीतसुद्धा ही अट इतकी उघड घालत नाहीत.

काकांकडे मात्र सिद्धान्त तयार होता. कंपन्या म्हणे ताकद दडवून ठेवतात. पुरावा? काकांच्या जुन्या स्विफ्टमधलं फियाटचं 1.3 लिटरचं डिझेल इंजिन. तेच इंजिन स्विफ्टमध्ये 75 अश्वशक्ती द्यायचं आणि अर्टिगात 90. "मधले पंधरा घोडे गेले कुठे? बांधून ठेवलेत. चिप त्यांचा दोर सोडते." त्या पंधरा घोड्यांसाठी अर्टिगात टर्बोच निराळा बसवला होता, हे मी सांगितलं. काकांनी ऐकलं नाही. कात्रजचा चढ सुरू झाला होता आणि त्यांना फरक जाणवत होता.

खरं ट्यूनिंग असतं, नाही असं नाही. डिझेल गाडीत एक पेटी कॉमन रेलचा प्रेशर सेन्सर आणि इंजिनाचा संगणक यांच्या मध्ये बसते आणि संगणकाला खोटं सांगते, की प्रेशर कमी पडतंय. तो बिचारा प्रेशर वाढवतो, डिझेल जास्त सुटतं आणि गाडी पळते. त्याची किंमत मोजावी लागते: आधी पैशांत, मग टर्बो-क्लचवर पडणाऱ्या ताणात, आणि गाडी नवी असेल तर वॉरंटीत. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल गाडीत तर एवढा खटाटोप करूनही हाती फारसं लागत नाही. काकांची डबी त्या जातीची नव्हेच. असल्या स्वस्त डब्या लोकांनी फोडून पाहिल्या आहेत. आत दिवे, ते लुकलुकवणारी बारकी चिप, एक बटण. गाडीच्या संगणकाशी बोलायच्या पिना आतून कशालाच जोडलेल्या नाहीत, अशाही निघाल्या. म्हणजे दिवे मात्र शंभर टक्के खरे.

हे सगळं मी काकांना ऐकवलं. त्यांनी वही पुढे केली. प्रत्येक वेळी टाकी फुल, नॉझल आपोआप कट होईपर्यंत. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज. चिपनंतर आकडा खरोखर वाढलेला. वाढणारच! चिप लावल्यापासून काका साठच्या वर जात नव्हते, सिग्नल लांबून दिसला की ॲक्सिलरेटर सोडत होते, एसी बंद. चिपने इंजिनाला काही शिकवलं नव्हतं, काकांच्या उजव्या पायाला शिकवलं होतं. सातशे रुपयांत पाय सुधारला, हे तसं वाईट नाही. पण पाय सुधारायला दिवे लागत नाहीत.

आता नाइलाजाने एक गोष्ट कबूल करावी लागते. रविवारी सकाळी हाच माणूस हवेचा गेज घेऊन पार्किंगभर फिरतो. प्रत्येक गाडीपाशी उकिडवा बसतो, व्हॉल्व्हचं टोपण खिशात ठेवतो, हवा मोजतो, टोपण आठवणीने परत लावतो आणि खालूनच हाक मारतो, "अहो, मागचं डावं चोवीसवर आलंय!" टायरमधली हवा बरोबर असली की डिझेल वाचतं, हे पुस्तकातलं सत्य आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं ॲव्हरेज खरंच वाढलं असेल तर ते काकांमुळे. त्याचं श्रेय ते कधी घेत नाहीत. घेतात ते डबीचं.

त्या वहीत शेवटी एक रकाना आहे: 'सोबत'. मागची पानंच्या पानं त्यात 'सौ.' आहे. जेजुरी, सौ. वाई, सौ. भाजी मंडई, सौ. मग एका महिन्यापासून रकाना कोरा. गाडीत एक माणूस कमी, मागे सामान कमी, आणि एसी हवा म्हणणारं कुणी नाही. आकडा तिथूनच वर चढू लागला. चिप आली ती त्याच्या पुढच्या महिन्यात.

मी वही मिटली. काका माझ्याकडे पाहत होते.

"चिपमुळेच ना?"

"हो काका," मी म्हटलं. "फरक जाणवतो."

काकांचा चेहरा उजळला. "मग तुमच्यासाठी एक मागवतो. दोन घेतल्या की कुरिअर फुकट आहे."