टवका

समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी बदलीच्या गावी निघाल्या आणि जाताना आम्हाला फिशटँक देऊन गेल्या. दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. "मासे तेवढे तुम्ही आणा," म्हणाल्या. पुसताना लक्षात आलं, पुढच्या काचेचा खालचा उजवा कोपरा उडालाय. सुपारीच्या खांडाएवढा टवका. फुकटच्या वस्तूला माणूस लगेच माफ करतो. मी म्हटलं, "एवढंच ना!"

आमच्या घरात टवक्यांची एक उतरंड आहे. कपाचा टवका उडाला की तो पाहुण्यांच्या ट्रेमधून घरच्यांच्या चहाला येतो. कान तुटला की दाढीच्या ब्रशाला, आणि बूड गळायला लागलं की त्यात कोरफड. घराबाहेर कुणी जात नाही. पण फिशटँकला पायरी कुठली द्यायची?

"तडा गेलेली काच घरात ठेवू नये," आई म्हणाली. मी समजावलं, हा तडा नव्हे, टवका. तडा पुढे चालत जातो, टवका आहे तिथेच बसतो. टवक्याभोवती नख फिरवून पाहिलं, केसाएवढीसुद्धा रेघ लागली नाही. हाच टवका वरच्या काठाला असता तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. पण पाण्याचा जोर सगळ्यात जास्त तळाशी, आणि आमचा टवका नेमका तिथे. "मग टाकी उलटी ठेवा की!" मेहुणा म्हणाला. तो इंजिनिअर आहे.

रात्री मी कागदावर हिशोब मांडला. काठोकाठ भरली तर ७० लिटर, म्हणजे ७० किलो पाणी. पुढच्या एकट्या काचेवर त्याचा रेटा साधारण ४४ किलोंचा. आठवीतला मुलगा आतून पाठ टेकून बसावा, तसा. गंमत अशी की पाण्याची उंची निम्मी केली की हा रेटा निम्मा नाही, पाव होतो. ११ किलो! आठवीतल्या मुलाच्या जागी नुकतं चालायला लागलेलं पोर. मी हे विजयी मुद्रेने बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तोडफोड तेच जास्त करतं."

शेवटी काचवाल्याला बोलावलं. त्याने टवक्यावरून अंगठा फिरवला. "सिलिकॉन भरलं की दिसणार नाही साहेब. पण दिसणार नाही, एवढंच. काचेला त्यानं ताकद येत नाही." खरा उपाय म्हणजे आतून काचेची पट्टी चिकटवायची, नाहीतर अख्खी काच बदलायची. बाथरूमच्या फटींत भरतात ते बुरशीनाशक घातलेलं सिलिकॉन मात्र वापरायचं नाही, ते माशांना बाधतं. आणि जुनं सिलिकॉन ब्लेडने मुळापासून खरवडायचं, कारण जुन्यावर नवं धरत नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीचं निदान इतक्या थोडक्यात मी कधी ऐकलं नव्हतं.

आम्ही पट्टी लावली. सिलिकॉन वाळताना व्हिनेगरचा वास सोडतं, त्यामुळे दोन दिवस घरात चायनीजची गाडी लागल्यासारखं वाटत होतं. त्या वासाच्या मागावर खालच्या मजल्यावरचे काका वर आले. त्यांचा पलंग बरोबर आमच्या हॉलखाली.

"बर्लिनचं ऐकलंत ना?" त्यांनी बसायच्या आधीच सुरुवात केली. १६ डिसेंबर २०२२ ला तिथल्या एका हॉटेलातलं १० लाख लिटरचं मत्स्यालय पहाटे फुटलं होतं. आत सुमारे १,५०० मासे.

"काका, ते काचेचं नव्हतं, अ‍ॅक्रिलिकचं होतं."

"म्हणजे टवका नसताना फुटलं!"

यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. काकांच्या समाधानासाठी चाचणी बाथरूममध्ये घ्यायचं ठरलं. आठवडाभर वाळू दिल्यावर खाली थर्माकोल, त्याखाली कोरडा पेपर, आणि टाकी काठोकाठ. पेपर ओला झाला तर टाकी गळते. रात्री तीन वाजता टॉर्च घेऊन बघून आलो, पेपर कोरडा. सकाळी मात्र घरातल्या चौघांनी आंघोळी करून तो आपापल्या परीने भिजवला आणि गळती टाकीची की माणसांची, हे ठरेना. दुसऱ्या दिवशी पेपर बदलला. तिसऱ्या दिवशी आंघोळी बदलल्या, म्हणजे कोपऱ्यात अंग चोरून, पाठमोऱ्याने. चिरंजीव रोज विचारायचे, "मासे कधी?" मी म्हणायचो, "अजून एक रात्र बघू." हॉलमध्ये आणायला धीर होईना आणि ओतून द्यायला जीव होईना.

असा गुरुवार उजाडला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवतात, हे टाकीच्या नादात आम्ही साफ विसरलो होतो. सगळी सोसायटी विसरली होती. नऊ वाजता बेल वाजली. दारात काका, दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.

"टवका कसा आहे?" त्यांनी आस्थेने विचारलं.

"धरून आहे."

"तरी पण जोखीम नको," काका चपला काढत म्हणाले. "निम्मी करूया. तेवढाच रेटा पाव होईल."