एकादशी आणि अंड्यांचा पूल

प्राग

तीर्थरूप आईंस, सूनबाईचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पुलाच्या बांधकामात अंडी घातली असतील तर एकादशीला त्यावरून चालावं का, हा तुमचा प्रश्न पोचला. व्ल्तावा नदीवरच्या चार्ल्स पुलाची ही बातमी थेट पुण्याला कळवणारे तुमचे चिरंजीव तेव्हापासून मान खाली घालून पोहे खात आहेत.

दंतकथा खरी आहे; म्हणजे दंतकथा आहे हे खरं. चुना घट्ट धरावा म्हणून राजा चौथ्या चार्ल्सने गावोगावहून अंडी मागवली. वाटेत फुटू नयेत म्हणून वेल्वारीच्या शहाण्यांनी ती उकडून पाठवली! उन्होश्तकरांनी तर चीज आणि चक्का धाडला. (चक्का ऐकून नातू म्हणाला, तेवढा तरी आजीला चालेल.) अलीकडे रसायनतज्ज्ञांनी गाऱ्याचे नमुने तपासले. कुणाला अंड्यातली प्रथिनं सापडली, कुणाला नाही. चिरंजीवांच्या मते संशयाचा फायदा आईंना मिळावा.

मुहूर्ताला मात्र तुम्हीही नाव ठेवणार नाही. पायाचा दगड बसला 1357 साली, सातव्या महिन्याच्या 9 तारखेला, पहाटे 5 वाजून 31 मिनिटांनी, असं सांगतात. वर्ष, तारीख, महिना, तास, मिनिटं ओळीने मांडली की 135797531. पुढून वाचा, मागून वाचा, तेच. एवढा साधलेला मुहूर्त, तरी काम संपायला पंधरावं शतक उजाडलं. हे पुण्यात कुणाला सांगू नका. ठेकेदारांना आयता दाखला मिळेल.

आधीचा जुदिथ पूल 1342 च्या पुराने नेला, म्हणून हा बांधला. लांबी 516 मीटर, कमानी 16. त्यालाही 1890 साली नदीने इंगा दाखवलाच. वरून वाहत आलेले ओंडके कमानींत अडकले, पाणी तुंबलं आणि तीन कमानी कोसळल्या. 2002 च्या पुरात काठच्या वस्त्या आणि मेट्रोची स्टेशनं बुडाली, पूल मात्र उभा राहिला. 1961 सालचा पानशेतचा लोंढा तुम्ही डोळ्यांनी पाहिलाय, तुम्हाला यातलं आणखी काय सांगायचं? फक्त पात्र बघून तुम्ही विचाराल, "एवढं पाणी बारमाही?" हो. बंधारे घालून शहरात पातळी राखली आहे.

पुलाच्या कठड्यांवर 30 शिल्पं आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा आता प्रतिकृती. मानाचा पुतळा नेपोमुकच्या संत जॉनचा. तेव्हाच्या राजाच्या हुकमाने 1393 साली त्याला नदीत फेकलं. राणीने विश्वासाने सांगितलेलं गुपित त्याने फोडलं नाही, ही आख्यायिका. चौथऱ्यावरची धातूची पाटी लोकांनी हात लावून लावून लखलखीत केली आहे. सूनबाईने चिरंजीवांचा हात तिथे चांगला घासून घेतला. अंड्यांचं गुपित तरी पोटात ठेवायला काय हरकत होती?

तरीही मन मानत नसेल तर जवळच 1908 साली पुरा झालेला चेख पूल आहे. तो लोखंडी, अंड्यांचा संबंधच नाही. शिवाय मालोस्त्रान्स्का ते स्तारोमेस्त्स्का मेट्रो चक्क नदीखालून जाते. तिने जायचं ठरलं, तर 2002 बद्दल वर लिहिलेलं वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजावं.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
सूनबाई