वरणाचा जमाखर्च

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे तिथल्या सोसायट्या कधीच विसरल्या. ताटातल्या इंद्रायणीचे ग्रॅम मात्र तोंडपाठ. भात वाढण्याआधी वाटी काट्यावर चढते. मग मोबाइलवरच्या कॅलरी मोजणाऱ्या ॲपमध्ये पर्याय उमटतात: ‘दाल तडका’, ‘दाल, रेस्टॉरंट स्टाइल’. घरचं गोडं वरण यातलं कुठलंच नव्हे. शेवटी ‘लेंटिल सूप’वर बोट टेकतं आणि हिंग-हळदीला परदेशी नागरिकत्व मिळतं.

आकडे नाहीत असं मुळीच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली ५२८ भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले, पण ते बहुतांशी कच्च्या जिनसांचे. एक ग्रॅम तेलात नऊ किलोकॅलरी, हेही पक्कं. पण फोडणीला तेल किती? स्वयंपाकाच्या मावशींना विचारा. ‘लागेल तेवढं!’ या मापाला ॲपमध्ये रकाना नाही. सासूबाईंनी भातावर सोडलेली तुपाची धार जावईबापू ‘एक टीस्पून’ म्हणून चढवतात. अशी नोंद सातबाऱ्यावर केली असती, तर पौडच्या तहसील कचेरीत खेटे घालून चपला झिजल्या असत्या. इथे मात्र संध्याकाळी ॲपमधलं त्या जेवणाचं हिरवं वर्तुळ पूर्ण होतं, ४१२.३७ कॅलरी! (दशांशचिन्ह दिसलं की अंदाजालाही विज्ञानाचा मान मिळतो.)

डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जरूर मोजा. पण आधी महिन्याला घरात तेल किती येतं, ते माणशी भागून बघा. त्याला ॲप लागत नाही, वाण्याची यादी पुरते.