कौल आणि कौलं

आमच्या चौकातल्या मंडळाने यंदा जागतिक तापमानवाढीचा देखावा केला. बाप्पाच्या एका बाजूला हिमनग, दुसऱ्या बाजूला पांढरं अस्वल आणि मधून वाहणारं वितळलेलं पाणी. हिमनग वितळतोय असं काही केल्या वाटेना, म्हणून त्याच्यावर चार हॅलोजन सोडले. हॅलोजनने मांडवाची भट्टी झाली, म्हणून दोन कूलर आले. एवढा भार चौकातल्या मीटरला झेपेना, म्हणून मागच्या गल्लीत डिझेलचा जनरेटर आला. तिसऱ्या दिवशी दुपारी तासाभरात असा काही पाऊस कोसळला की ताडपत्री फाटली, अस्वलाचा कापूस भिजला आणि ते बिचारं पुढच्या पायांवर आलं. रांगेतली एक चिमुरडी म्हणाली, “आई, अस्वल नमस्कार करतंय.” अख्ख्या देखाव्यात तेवढाच भाग विषयाला धरून होता.

मंडळाला बक्षीस मिळालं. पर्यावरणपूरक गटात, उत्तेजनार्थ.

अध्यक्षांना मी भीत भीत विचारलं, “भाऊ, जनरेटरशिवाय भागलं नसतं का?” भाऊ म्हणाले, “काहीतरी करायला नको का, साहेब?”

सगळं घोडं इथेच पेंड खातं. पर्यावरण म्हटलं की समाजाने आणि धर्माने काहीतरी करायलाच हवं असं आपण धरून चाललोय. रोपं लावायची, टोप्या वाटायच्या, कापडी पिशव्यांवर स्वतःचं नाव छापायचं, शपथ घ्यायची. सरकारनेही 2019 साली 33 कोटी झाडं लावण्याचा संकल्प सोडला होता. आकडा थेट देवांच्या शिरगणतीतून उचललेला. देव जसे श्रद्धा असेल त्यालाच दिसतात, तशीच ती झाडंही निघाली असावीत, कारण पुढे चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमण्याची वेळ आली.

मूर्तींचंही तेच. पीओपीबद्दल केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची मार्गदर्शक तत्त्वं 2020 ची, आणि त्यावरचा वाद उच्च न्यायालयात रंगला 2025 मध्ये. शेवटी तोडगा निघाला तो असा, की सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावात बुडवायच्या. त्याहून उंच बाप्पांची सोय समुद्रातच राहिली. छोट्या माणसाने पाळायचा नियम मोठ्याच्या आड येत नाही, ही आपली जुनीच परंपरा. आणि खरं सांगायचं तर शाडूचा गणपती आणल्याने नदीचं भलं होतं, हवेचा ताप उतरत नाही. तो शाडूही गुजरातेतून ट्रकमध्ये बसून येतो. हे म्हटलं की शाडूवालेही रागावतात आणि पीओपीवालेही. म्हणून म्हणून टाकलं.

आता माझ्या गावाची गोष्ट. गाव सिंधुदुर्गातलं, नाव कशाला? देवळामागे राई. ऐन, किंजळ, बेहडा, सातवीण, आणि या सगळ्यांच्या खांद्यांवरून फिरणारी, माणसाच्या मांडीएवढी जाड गारंबीची वेल. गारंबीची शेंग हातभर लांब, आत तपकिरी, चपट्या, गुळगुळीत बिया. आठ-नऊ वर्षांचा असताना मी त्यातली एक बी खाली पडलेली पाहिली आणि खिशात घालून घरी आणली. आजीने ती पाहिली मात्र, चुलीपुढून उठली. “मेल्या, देवाची वस्तू ती! जा, जाग्यार ठेवन ये.” तिन्हीसांजेला, एकट्याने, राईत. ती बी जिथून उचलली त्याच जागी ठेवताना माझी जी तंतरली होती, तसा धाक पुढे कुठल्याही कायद्याचा वाटला नाही.

नियम एवढाच. राईतलं काही बाहेर न्यायचं नाही. वाळकी काटकीसुद्धा नाही. त्याला समिती नव्हती, बोधचिन्ह नव्हतं, जनजागृती रॅली नव्हती. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक पश्चिम घाटातल्या अशा देवराया हिंडले आणि त्यांनी जगाला सांगितलं की हे जंगल वनखात्याने नव्हे, देवाच्या धाकाने राखलेलं आहे. आजीला ते ठाऊक होतंच, तिने फक्त निबंध लिहिला नव्हता.

मग गाव सुधारलं. मुंबईच्या चाकरमान्यांनी मनावर घेतलं आणि देवळाचा जीर्णोद्धार निघाला. जुनं देऊळ कौलारू, लाकडी खांबांचं, चैत्रातही आत गारवा. नवं स्लॅबचं व्हायचं होतं, वर कळस आणि खाली ग्रॅनाइट. वर्गणी कमी पडली तेव्हा कुणाची तरी नजर मागे वळली. राईतला ऐन चांगल्या भावाने जात होता. पण देवाला विचारल्याशिवाय राईतलं झाड कसं तोडणार? कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मूर्तीच्या अंगावर डावीकडे-उजवीकडे भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात. त्यांना आमच्याकडे कळे म्हणतात. गाऱ्हाणं घालून देवाला प्रश्न विचारायचा. उजवीकडचा कळा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. त्या दिवशी उजवा पडला. देवाने कौल दिला आणि देवळाची कौलं गेली.

आता स्लॅब एवढा तापतो की गाभाऱ्यात पंखा, सभामंडपात चार पंखे आणि गेल्या वर्षापासून एका दात्याच्या स्मरणार्थ एसी. राईखालचा वहाळ पूर्वी मेअखेरपर्यंत वाहायचा, आता होळीला दगड दिसतात. सप्ताहाला पाण्याचा टँकर येतो. टँकरवर लिहिलंय: देवाची कृपा.

तोडलेल्या झाडांच्या बदल्यात चाकरमान्यांनी पन्नास रोपं लावली होती. त्यात गुलमोहोर जास्त.

रोपाचा आणि झाडाचा हा हिशेब कोकणातच चुकतो असं नाही. नाशिकला 2027 चा सिंहस्थ आहे, पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्टला. साधुग्राम वसवायचं तपोवनात, म्हणून नोव्हेंबर 2025 मध्ये तिथली सुमारे 1,800 झाडं हटवायचा घाट घातला गेला. नाशिककर रस्त्यावर आले, झाडांना मिठ्या मारल्या, प्रकरण हरित लवादात गेलं आणि तोडीला स्थगिती मिळाली. एका झाडामागे दहा लावू, हे पालुपद अर्थातच लावून झालं. शंभर वर्षांच्या झाडाने खोडात आणि मुळांखालच्या मातीत जो कार्बन बांधून ठेवलाय तो दहा काड्या कुठे ठेवणार? पण माझा प्रश्न वेगळाच आहे. तपोवनातली झाडं तोडायची ती कुणासाठी, तर तप करणाऱ्यांसाठी! साधूला झाडाखाली बसायचं वावडं कधीपासून झालं? एखाद्या आखाड्याच्या महंताने उठून नुसतं म्हणावं, “आम्हाला मांडव नको, आम्ही वडाखाली बसतो.” सगळ्या फायली त्याच दिवशी बंद होतील. महंतांच्या शब्दाखातर अख्खी महापालिका पळते, तर मग तो शब्द एकदा झाडाच्या बाजूने का पडू नये?

त्यातून नाशिकला आठवण असायला हवी. मागचा सिंहस्थ 2015 चा. तो होऊन वर्षही उलटलं नव्हतं तेव्हा, एप्रिल 2016 मध्ये, रामकुंड कोरडं पडलं आणि तिथे टँकरने पाणी आणून ओतलं. ज्या कुंडात लाखोंनी पापं धुतली, तेच तहानलं. यापेक्षा स्पष्ट कौल देवाने द्यायचा तरी कसा?

मला सगळ्यात गंमत वाटते ती ही, की ‘नाही’ म्हणायचं तंत्र धर्माइतकं कुणालाच साधलेलं नाही. गळ्यात तुळशीची माळ घातली की आधी काय सोडायचं ते सांगतात. मांसमच्छी नाही, दारू नाही. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं बंद. जैन पर्युषणात सूर्यास्तानंतर घास उचलत नाहीत, मुसलमान रमजानात दिवसभर पाण्याचा थेंब घेत नाहीत, वसईचे ख्रिस्ती उपवासकाळात मटण सोडतात. जगातल्या कुठल्याही पंतप्रधानाला चार महिने लोकांचं वांगं सोडवून दाखवता येणार नाही. माझ्या काकूने ते एकटीने चौदा जणांच्या घरात चाळीस वर्षं केलं. ही एवढी ताकद हाताशी असताना आपली देवस्थानं काय करतात? वृक्षारोपणाचा फोटो काढतात.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना हे ‘नाही’ बरोबर उमगलं होतं. वसईत ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डर घुसले, टँकरवाल्यांनी विहिरी उपसून गोडं पाणी विकायला काढलं आणि विहिरींत खारं पाणी शिरू लागलं. फादरांनी वसई हरित करण्याचा संकल्प वगैरे सोडला नाही. आहे ती हिरवी राहू द्या, म्हणून हरित वसई संरक्षण समिती उभारली, मोर्चे काढले, आणि त्या मोर्चांत चर्चच्या घंटेला न मानणारेही चालले. पोप फ्रान्सिस यांचं पृथ्वीविषयीचं ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक 2015 मध्ये आलं, वसईचा फादर त्याच्या पाव शतक आधीच रस्त्यावर होता. पुढे 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या धर्मावरून कोण गहजब! त्यांनी वाचवू पाहिलेल्या विहिरींतलं पाणी पिताना कुणी धर्म विचारल्याचं ऐकलं नाही. फादर 2024 मध्ये गेले. वसई मात्र 2018 च्या जुलैत दिवसचे दिवस पाण्याखाली होती, आणि पाणी कुठे तुंबलं ते पाहायचं तर जुने मोर्चे कुठे निघाले होते ते पाहावं.

केवळ न करण्यानेच सगळं होतं असं म्हणालो तर शिर्डीवर अन्याय होईल. तिथल्या प्रसादालयाच्या छतावर 2009 पासून 73 तबकड्या सूर्याकडे तोंड करून बसल्या आहेत. त्या पाण्याची वाफ करतात आणि वाफेवर खाली हजारोंचा डाळभात शिजतो. गॅस वाचतो. ते पाहायला कुणी रांग लावत नाही, तबकड्यांवर कुणी फुलं वाहत नाही, आणि मला वाटतं म्हणूनच ते टिकतं. सोन्याचा कळस खालून दिसतो, स्वयंपाकघराचं छत दिसत नाही. दात्यांची अडचण इथेच होते.

पैशाचंही थोडं बोलू. इंग्लंडच्या चर्चने 2023 मध्ये तेल आणि वायू कंपन्यांतून आपली गुंतवणूक काढून घ्यायचं ठरवलं. आपल्या मोठ्या देवस्थानांच्या ठेवी बँकांत असतात. ती बँक पुढे कोळशाला कर्ज देते की सौर पंपाला, हे एखाद्या विश्वस्ताने विचारल्याचं कानावर नाही. व्याजदर मात्र सगळे विचारतात. देवही विचारत असेल.

तर पुन्हा गावाकडे. यंदा शिमग्याला जीर्णोद्धाराचा दुसरा टप्पा निघाला: वाहनतळ. चाकरमान्यांच्या गाड्या वाढल्या, देवळासमोर मावत नाहीत, मागच्या बाजूला जागा करायची तर राईतले उरलेले दोन ऐन आणि ती गारंबी मध्ये येते. बैठक झाली, अंदाजपत्रक मंजूर झालं, उरला फक्त कौल. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. “बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा गाडयेन येतत, तेंका गाडी ठेवक जागा व्हयी, तेच्यासाठी तुझ्या राईतली दोन झाडा काढूक तुझी परवानगी आसा काय रे म्हाराजा?” सगळ्यांनी सवयीने “व्हय म्हाराजा” म्हटलं. प्रश्न विचारल्यावर ‘व्हय’ आपणच म्हणून टाकायचं, ही पद्धतही जुनीच.

मग सगळे मूर्तीकडे बघत बसले. एसी चालू होता. दहा मिनिटं गेली. डावा कळा पडला.

चाकरमान्यांना संशय आहे की गुरवाने डावीकडचा कळा जरा कमी भिजवला होता. मी त्याला एकट्यात गाठून विचारलं. तो म्हणाला, “पाणीच खंय आसा रे भिजवक?”

ऐन उभे आहेत. गाड्या शाळेजवळ लावाव्या लागतात, तिथून देऊळ दोनशे पावलं.